बेरिलच्या वाटचा कप

बारा तासांची शर्यत बारा तासांत संपत नाही, हे आमच्या मिलबँक सायकल क्लबात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बेरिल टनिक्लिफला ठाऊक नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं ती आमच्या प्रत्येक शर्यतीला हजर असायची, पण हॉलच्या मागच्या खोलीत, चहाच्या बंबापाशी. रस्त्यावर काय चालतं ते तिला कुणी सांगितलं नाही, कारण सांगायची गरज आहे हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्या 'कुणा'मध्ये मीही आले, म्हणून ही गोष्ट मीच सांगितलेली बरी.

गोष्ट तशी तिच्या नवऱ्याची, नॉरिसची. त्या साली, म्हणजे त्र्याऐंशी साली, तो एकाहत्तर वर्षांचा होता. चौदाव्या वर्षी टन्स्टॉलच्या एका चिनी मातीच्या कारखान्यात लागला आणि साठाव्या वर्षी बाहेर पडला. काम एकच, भट्टी रचायची. जुन्या मोज्यात चिंध्या भरून केलेली चुंबळ टोपीत घालायची, तिच्यावर कच्च्या बशांनी भरलेला मातीचा जड डबा घ्यायचा आणि शिडी चढून भट्टीत एकावर एक डबे लावत जायचे. या कामाने त्याच्या टाळूवर एक खळगा पडला होता. केस गेल्यावर तो चांगलाच दिसायचा. "पावसात इथे पाणी साठतं," तो नव्या पोरांना सांगायचा, "चिमण्या येतात." दुसरी गोष्ट त्या कामाने दिली ती छातीतली धूळ. ती दिसत नव्हती, पण जिना चढताना ऐकू यायची.

सायकल त्याला दिली ईनॉक मेचिनने. ईनॉक त्याच्याच गल्लीत दोन घरं सोडून राहायचा, गॅसच्या ऑफिसात कारकून होता आणि नॉरिसहून आठ वर्षांनी मोठा. सतरा वर्षांचं पोर रोज पहाटे खोकत कामावर जातं हे त्याने पाहिलं आणि आपली जुनी सायकल त्याच्या दारात आणून टेकवली. "रविवारी माझ्याबरोबर चेशायरच्या शेतांकडे चल. तिकडे हवा फुकट आहे," म्हणाला. नॉरिस गेला. तेव्हापासून चॅपलमध्ये रविवारच्या प्रार्थनेला त्याची जागा रिकामी राहू लागली. पुढे बेरिलशी लग्न झालं. बेरिल चॅपलची पक्की. पहिली काही वर्षं दोघांचं यावरून वाजलं. शेवटी बेरिलने ठरवलं की नवरा चॅपलमध्ये येत नाही तर आपण क्लबात जावं, आणि तिने चहाचा बंब ताब्यात घेतला.

सायकलीवर नॉरिस चांगला होता, पण ईनॉक जास्त चांगला होता. नॉरिसने वेळ कमी केली की ईनॉक आणखी कमी करायचा, तीही गळ्यातला टाय न सोडता. आमच्या क्लबाच्या खोलीत भिंतीवर एक काळा लाकडी फळा आहे. त्यावर सोनेरी अक्षरांत विक्रम लिहिलेले असतात. त्यात ईनॉकचं नाव सहा वेळा आणि नॉरिसचं एकदाही नाही. दर डिसेंबरात तो फळा उतरवून जवसाच्या तेलाने पुसायचं काम मात्र नॉरिसचं. चाळीस वर्षं त्याने ईनॉकचं नाव पुसून चकचकीत ठेवलं. तोंडाने कधी काही बोलला नाही. पण एकदा मी पाहिलं, फळा पुसून झाल्यावर खालच्या मोकळ्या जागेवरून तो अंगठा फिरवत उभा होता. मी आत आल्याबरोबर म्हणाला, "वाळवी लागलीय का बघत होतो."

सत्तरीनंतरच्या माणसांचा बारा तासांचा विक्रम ईनॉकच्याच नावावर होता, दोनशे आठ मैल आणि वर एकसष्ट शतांश. ईनॉकने तो चौऱ्याहत्तर साली केला. पुढे त्याची नजर अधू झाली आणि तो शर्यतीत वेळ नोंदणारा झाला. दोन घड्याळं, तासलेली पेन्सिल, आणि चेहऱ्यावर काही नाही. एकाहत्तरीच्या नॉरिसला एवढा एकच विक्रम अजून हाताला लागण्यासारखा होता. त्याला फळ्यावर एकदा, फक्त एकदा, आपलं नाव हवं होतं.

त्या वर्षीच्या मे महिन्यात डॉक्टरांनी त्याची छाती तपासली. दुसऱ्या दिवशी मी बेरिलकडे ओटची धिरडी न्यायला गेले होते. आम्ही शेजारीच राहायचो. नॉरिस टेबलाशी बसला होता आणि बेरिल तव्यापाशी.

"डॉक्टर काय म्हणाले ते सांग मॅरियनला," बेरिल म्हणाली.

"म्हणाले, सायकल चालवत जा, छातीला बरं."

"आणि पुढचं?"

"पुढे ते पुटपुटले. मला नीट ऐकू आलं नाही."

"मला आलं. म्हणाले, हळू. पोस्टमन चालवतो तशी. अर्धीच छाती चालतेय, ती पुरवून वापरा. बारा तास ऊर फुटेस्तोवर हाणा, असं नाही म्हणाले."

"एकदाच, बेरिल. या ऑगस्टात. त्यानंतर सायकल परसात ठेव आणि कपडे वाळत घाल तिच्यावर."

बेरिलने धिरडं उलटलं. मी चीज आणि बेकन घातलेलं एक धिरडं खात होते, ते तसंच हातात राहिलं.

"बारा तास?" तिने विचारलं.

"बारा तास."

"बारा म्हणजे बारा हं. वर एक सेकंद नाही. मला शब्द दे."

नॉरिसने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते मला आज कळतं. तोंड उघडू नकोस, एवढंच होतं. पण मी तेव्हा खात होते.

"दिला," तो म्हणाला.

आता नियम सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. दिवसभर लांबलांबच्या रस्त्यांवर फिरून झालं की शेवटचे दोन-अडीच तास सगळे सायकलवाले एका बारा मैलांच्या गोल रस्त्यावर येतात आणि त्याच्याच फेऱ्या मारतात. त्या रस्त्यावर दर मैल-सव्वा मैलावर एक टेबल आणि टेबलामागे वेळ नोंदणारा माणूस. सायकलवाल्याचे बारा तास कुठल्यातरी दोन टेबलांच्या मध्येच भरतात. तिथे अंतर मोजायला फीत घेऊन कोण उभं राहणार? म्हणून त्याने न थांबता पुढच्या टेबलापर्यंत जायचं. मागच्या टेबलापासून पुढच्या टेबलाला किती वेळ लागला त्यावरून बारा तास भरताना तो कुठे असणार ते काढतात. मध्येच थांबलात तर थांबलेला वेळही त्यातच धरला जातो, म्हणजे तुम्ही हळू होतात असं दिसतं आणि अंतर कमी मिळतं. पुढच्या टेबलापर्यंत गेलाच नाहीत तर तो तुकडा पूर्ण बुडाला.

म्हणजे नॉरिसला बारा तासांवर मिनिटभर, फार तर चार मिनिटं, सायकल मारावीच लागणार होती. हे बेरिलला सांगायचं तर सगळी बोलणी पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा गप्प बसावं असं त्याने ठरवलं. ती नेहमीसारखी बंबापाशी असणार, तिला कुठे कळणार? चॅपल सोडलं तरी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि हे खोटं नाही अशी त्याने आपली समजूत घातली असावी.

ऑगस्टचा शेवटचा रविवार. विचर्चजवळच्या एका गावचा हॉल क्लबाने घेतला होता. नॉरिसचा नंबर सत्तावीस, म्हणून तो सकाळी सहा वाजून सत्तावीस मिनिटांनी सुटला. एकेका मिनिटाने एकेकाला सोडतात. सोडणाऱ्याने मागून सायकलची सीट धरली होती. "छाती कशी आहे?" त्याने विचारलं. "सोबत आणलीय," नॉरिस म्हणाला आणि गेला.

दिवस तसा शहाण्यासारखा गेला. पश्चिमेचा हलका वारा होता, पाऊस नव्हता. माझा नवरा डेरिक रस्त्याकडेला धावत धावत त्याच्या हातात बाटली द्यायचा, तांदळाच्या खिरीचा डबा द्यायचा, डब्यातल्या पीचच्या फोडी द्यायचा. नॉरिस पीच खायचा आणि खीर परत करायचा, कारण बेरिलने ती कमी गोड केली होती. सहा तासांना एकशे सहा मैल झाले. आठ तासांना एकशे एक्केचाळीस. दुपारी एकदा तो खोकत खोकत कुंपणाला टेकला, दोन मिनिटं थांबला आणि पुन्हा निघाला. हॉलमधल्या फळीवर खडूने आकडे लिहायचं काम माझं होतं. तीन वाजल्यापासून तिथे गर्दी जमू लागली. माणसं चहा घ्यायची, नॉरिसचा आकडा वाचायची आणि ईनॉकच्या आकड्याशी ताडून बघायची. विक्रम होणार होता. मैलभर वर जाईल असं वाटत होतं.

चार वाजता बेरिल मागच्या खोलीतून बाहेर आली. एप्रन काढलेला, अंगात चॅपलचा कोट. बेरिलला शर्यतीच्या दिवशी एप्रनशिवाय मी कधी पाहिलं नव्हतं.

"मॅरियन, तू आकड्यांतली. सहा सत्तावीसला तो कुठे असेल?"

मला काय आनंद झाला! एवढ्या वर्षांनी बाई नवऱ्याची शर्यत बघायला निघाली. मी ब्रेडचं वेष्टण फाडलं, त्याच्या मागे गुणाकार-भागाकार केला, त्याचा वेग, वारा, चढ सगळं धरलं. "कूपरच्या शेताचं फाटक," मी म्हणाले. "शंभर यार्ड इकडे नाहीतर तिकडे."

"नक्की?"

"लावा पैज."

तिने घडीची खुर्ची घेतली, घोंगडी घेतली, थर्मास भरला आणि पिशवीत दोन कप टाकले. "एक त्याला, एक मला," म्हणाली. कुणीतरी तिला गाडीने सोडलं. नवरा कुठे असेल ते शंभर यार्डांपर्यंत मी तिला बरोबर काढून दिलं. तिथे शर्यत संपत नाही, हे सांगायचं राहिलं. आमच्यासारख्या, सगळं ठाऊक असलेल्या लोकांच्याच हातून अशी चूक होते.

पाच वाजता मी ईनॉकच्या टेबलावर गेले. त्याला पाठीवरचे नंबर दिसायचे नाहीत. मी नंबर ओरडायचे, तो घड्याळ दाबायचा आणि वेळ सांगायचा, मी लिहायचे. हे टेबल कूपरच्या फाटकाच्या पुढे चारशे यार्डांवर होतं. मधला रस्ता सरळ, त्यामुळे फाटक आणि त्याच्यापाशी खुर्चीवर बसलेली बेरिल आम्हाला चांगली दिसत होती.

"बघा कोण आलंय," मी म्हणाले. "बेरिल! नॉरिसला बघायला."

ईनॉकने डोळे बारीक केले. "हातात काय आहे तिच्या?"

"थर्मास."

"तिला कुणीतरी सांगितलंय ना?"

"काय सांगितलंय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि शर्यत पुढच्या टेबलाला संपते हे बेरिलला ठाऊकच नाही, हे माझ्या डोक्यात आलं. सहा वाजून बावीस मिनिटं झाली होती. मी उठले.

"बस खाली," ईनॉक म्हणाला.

"अहो, मी पळत जाऊन सांगते. चारशे यार्ड तर आहेत."

"ते तिघे येताहेत ते दिसतात का तुला? मला दिसत नाहीत. त्यांचेही बारा तास आहेत. बस."

तिघे आलेच. एकापाठोपाठ एक, आणि त्यांच्यामागे आणखी एक. एकोणीस, चाळीस, बावीस, एकतीस. मी नंबर ओरडत होते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून फाटकाकडे बघत होते. शेवटचा आकडा लिहून मान वर केली तर नॉरिस वळणावर दिसला. हनुवटी हँडलला लागलेली, खांदे डावी-उजवीकडे हलताहेत, पण पाय गोल फिरताहेत. चांगला येत होता.

बेरिलने हातातल्या घड्याळात पाहिलं. उठली, रस्त्याच्या कडेने दोन पावलं पुढे आली आणि वाहतुकीच्या पोलिसासारखा तळहात समोर धरला.

"नको ग," मी म्हणाले.

नॉरिस थांबला.

तिथे काय बोलणं झालं ते बेरिलने मला पुढे सांगितलं. फार काही झालंच नाही. ती म्हणाली, "सहा सत्तावीस. उतर." तो म्हणाला, "बेरिल, जरा पुढे..." ती म्हणाली, "शब्द दिलायस." तो उतरला.

तिने त्याला खुर्चीवर बसवलं, खांद्यावर घोंगडी टाकली आणि थर्मास उघडला.

आता मात्र मी उभी राहिले. "मी ओरडते इथून. ऐकू जाईल."

"तुझ्या दंडावर शर्यतीच्या कामाची पट्टी आहे," ईनॉक म्हणाला. "आपण टेबलावर बसलोय. टेबलावरच्या माणसाला तोंड नसतं." मग त्याने पेन्सिल उचलली आणि कागदाच्या कडेला मान खाली घालून काहीतरी मांडलं. कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, सहा तेहतीस.

"हे काय?"

"मागचं टेबल त्याने साधारण तेवीसला सोडलं असणार. तेहतीसच्या आत माझ्यासमोरून गेला तर विक्रम त्याचा. नंतर गेला तर माझा."

म्हणजे अजून वेळ होता. कप संपवून, सायकलवर बसून इथवर यायला पाच मिनिटं भरपूर होती. आम्ही दोघं बघत राहिलो. नॉरिसने कप तोंडाला लावला आणि मान एकदाच मागे टाकली. कप संपला.

"एका घोटात," मी म्हणाले.

"अक्कल आहे त्याला," ईनॉक म्हणाला. "ऊठ आता. ऊठ गाढवा." हे तो अगदी हळू म्हणाला. त्या माणसाला मी वीस वर्षं ओळखत होते. टेबलावर बसून आकड्यांशिवाय एक शब्द त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. आणि जाणार होता तो विक्रम त्याचा स्वतःचा होता.

नॉरिस उठायला लागला. बेरिलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला परत बसवलं आणि दुसरा कप भरला.

ईनॉकने पेन्सिल खाली ठेवली.

दुसरा कप नॉरिसने दोन्ही हातांनी धरला. तो सावकाश प्यायला. गरम असणार, आणि आता त्याला घाई नसावी. एकतीस झाले, बत्तीस झाले. ती त्याच्या शेजारी उभी राहून त्याच्या मानेचा घाम रुमालाने पुसत होती. तेहतीसवरून काटा पुढे गेला. मग नॉरिसने कप परत दिला, घोंगडी घडी करून खुर्चीवर ठेवली, सायकलवर बसला आणि आमच्याकडे आला. नंबर परत द्यायला जातो, असं तिला सांगून आला होता.

"सत्तावीस!" मी ओरडले.

"सहा, चौतीस, वीस," ईनॉक म्हणाला. एकोणीसची, चाळीसची, बावीसची वेळ जशी सांगितली तशीच.

नॉरिस जरा पुढे जाऊन उतरला आणि सायकल ढकलत परत आला. "चहा बरा होता," तो म्हणाला.

संध्याकाळी हॉलवर सगळ्या टेबलांचे कागद जमले. ईनॉकने हिशोब तीनदा केला. दोनशे आठ मैल आणि वर पंचावन्न शतांश. सहा शतांश मैल कमी, म्हणजे शंभर यार्डांच्या आसपास. बेरिल मागे बंबापाशी होती. नॉरिसने क्लबातल्या सगळ्यांना दारापाशी गोळा केलं. "तिला कुणी काही बोलायचं नाही," म्हणाला. "जो बोलेल त्याची माझ्याशी गाठ आहे."

ईनॉक म्हणाला, "मी कमिटीला लिहितो. माझं नाव काढा म्हणून."

"फळा म्हणजे बसमधली जागा नव्हे, उठून दुसऱ्याला द्यायला," नॉरिस म्हणाला.

सगळ्यांनी माना डोलावल्या. काय मोठ्या मनाचा माणूस, असं एकमेकांना सांगत घरी गेले. मला मात्र त्याचा राग आला, आणि खरं सांगायचं तर अजून येतो. आधी बायकोला सांगायचं नाही, मग तिच्या हातून चूक झाली की तीही तिला सांगायची नाही, आणि वर थोरपणा आपला! बेरिल काय काचेची बरणी होती? पण राग धरून माझं काय भागत होतं? ब्रेडच्या त्या वेष्टणावर अक्षर माझं होतं. रात्र रात्र मला ते फाटक दिसायचं.

तीन आठवड्यांनी मोसमातली शेवटची शर्यत होती. ती संपल्यावर बेरिल आणि मी मागच्या खोलीत कप धूत होतो. ती पुसत होती, मी विसळत होते.

"मॅरियन," ती म्हणाली, "त्या दिवसापासून सगळे माझ्याशी फार गोड बोलायला लागलेत. मघाशी ईनॉकने उठून मला खुर्ची दिली. चाळीस वर्षांत तो माणूस माझ्यासाठी उठला नव्हता. झालंय काय?"

"काही नाही."

"मला कॅन्सर बिन्सर झालाय आणि तुम्हाला ठाऊक आहे, असं तर नाही ना?"

मी सांगून टाकलं. टेबलं, मागचं, पुढचं, चारशे यार्ड, सहा तेहतीस, सगळं. वेष्टणाचंही सांगितलं. ती एकच कप पुसत राहिली. कप केव्हाच कोरडा झाला होता.

"म्हणजे पहिल्या कपानंतर निघाला असता तर?"

इथे खोटं बोलता आलं असतं. "तर फळ्यावर त्याचं नाव असतं," मी म्हणाले.

"दुसरा मी का दिला माहीत आहे?" बेरिल म्हणाली. "पहिला त्याने एका घोटात संपवला. मला वाटलं, केवढी तहान लागलीय याला. तो दुसरा माझ्या वाटचा होता."

तिने कप खाली ठेवला आणि ओल्या फडक्यासकट तरातरा हॉलमध्ये गेली. मी मागोमाग. नॉरिस ईनॉकशेजारी बसून बिस्किट खात होता.

"नॉरिस टनिक्लिफ!"

नॉरिसने आधी माझ्याकडे पाहिलं आणि बिस्किट खाली ठेवलं.

"चव्वेचाळीस वर्षं मी या लोकांना चहा पाजते. आणि तुमच्या शर्यतीला शेपूट असतं हे मला कपबश्या धुताना कळावं?"

"बेरिल, तू म्हणाली होतीस, बाराच्या वर एक सेकंद..."

"म्हणाले होते! बाराच्या वर दोन मिनिटं, असं तू म्हणाला असतास तर मी दोन तास भांडले असते आणि मग हो म्हणाले असते. आजवर दुसरं काय केलंय मी? एक सांग, बारा तासांनंतर मला चहाच द्यायचा होता ना तुला? मग चारशे यार्ड पुढे बसले असते. खुर्चीच तर होती! उचलायला काय लागतं तिला?"

कुणी हसलं नाही. नॉरिस तिच्याकडे बघत राहिला.

"खरं आहे," तो म्हणाला. "चुकलो मी."

"चुकलासच," बेरिल म्हणाली आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. बसल्यावर तिला रडू फुटलं. नॉरिसने तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि टेबलावर नीट घडी करून ठेवलं. ईनॉक उठला, मागच्या खोलीत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात चहाचे दोन कप होते. त्याने स्वतः केलेला चहा पाणचट होता. त्या दोघांनी तो प्यायला.

नॉरिस पुन्हा शर्यतीत उतरला नाही. त्या जानेवारीत छातीने सपशेल संप केला. नंतर घरातल्या घरात फिरण्यापुरता श्वास उरला. सायकल परसात गेली. तिच्यावर कपडे मात्र बेरिलने कधी वाळत घातले नाहीत. ईनॉकचा विक्रम फळ्यावर तसाच आहे, आणि डिसेंबरात फळा आता मी पुसते.

पुढच्या ऑगस्टात बेरिलने बंबाची किल्ली माझ्या हातात दिली. डेरिकने दोघांना गाडीने कूपरच्या फाटकापाशी सोडलं. दोन खुर्च्या, घोंगडी, मोठा थर्मास. नॉरिसला बसवून ती कुंपणाला लागून उभी राहिली. ज्याचे बारा तास भरत आले तो वळणावर दिसला की ती दोन्ही हात हलवून ओरडायची, "थांबायचं नाही! पुढे टेबल आहे, टेबलाच्या पुढे जा!" नॉरिस गेला त्यालाही आता चार वर्षं झाली. ती अजून येते, तिथेच उभी राहते आणि तस्संच ओरडते. वीस-पंचवीस वर्षं शर्यती मारलेले बाप्येसुद्धा मान हलवून म्हणतात, "हो मिसेस टनिक्लिफ, जातो!" आणि पुढे जातात. हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं, असं तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.